छायेची साधनचिकित्सा : क्षय आणि कर्करोग यांतील भेद चित्रावरून ओळखण्याचा इतिहास

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावी छातीच्या क्ष-किरणचित्राला ‘फोटो’ असेच म्हटले जाते. “फोटो काढला, त्यात डाग निघाला,” या एका वाक्याने एखाद्या कुटुंबाच्या पुढील वर्षभराची दिशा ठरून जाते. ‘फोटो’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. फोटोत माणूस ओळखू येतो, तसा त्यात रोगही ओळखू येत असणार, हे ते गृहीतक होय. वस्तुतः क्ष-किरणचित्र हा फोटो नसून छाया आहे. शरीरातील ज्या भागाने किरणांना जेवढे अडविले, तेवढा तो भाग फिल्मवर पांढरा उमटतो. अडविणारे कोण होते, हे फिल्मवर लिहिलेले नसते. क्षयाची जुनी गाठ, साठलेला पू आणि कर्करोगाची वाढ या तिन्हींची छाया पुष्कळदा सारखीच पडते.

जंतुसंसर्ग आणि कर्करोग यांतील भेद चित्राच्या आधारे ओळखण्याचे प्रयत्न कसकसे होत गेले आणि ते कोठे अडले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा जाणकार नाही. तो इतिहासाचा अध्यापक आहे. तथापि, एकट्या कागदावर विसंबून निष्कर्ष काढू नये, त्याच्या आधीचा व नंतरचा कागद शोधावा, ही जी शिस्त इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकविली जाते, तीच शिस्त क्ष-किरणतज्ज्ञांनाही अनुभवाने अंगी बाणवावी लागली, असे या इतिहासाच्या अभ्यासातून दिसून येते. हा विषय निवडण्यामागे एक घरगुती कारणही आहे. ते पुढे ओघाने येईल.

पिकणारी गाठ आणि न पिकणारी गाठ

चित्र नव्हते तेव्हाही हा प्रश्न होताच. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन करताना ते पिकत नाही, असे स्पष्टपणे नोंदविलेले आहे. त्याउलट, विद्रधी म्हणजे गळू हे कच्चे, पिकत असलेले आणि पिकलेले अशा अवस्थांतून जाते. पिकणे हीच संसर्गाची खूण आणि न पिकणे ही अर्बुदाची. ही कसोटी पाहण्यासाठी हात आणि डोळे पुरेसे होते. मात्र तिला वेळ लागत असे. आपल्याकडील खेड्यांत गाठ दिसली की “पिकते का पाहू” असे म्हणून आठ-पंधरा दिवस थांबण्याची जी रीत आहे, तिची मुळे बरीच खोल असावीत. क्षयाची गाठ मात्र या कसोटीला दाद देत नाही. मानेवरील गंडमाळा महिनोन्‌महिने न दुखता, न पिकता राहतात आणि मग केव्हातरी फुटतात.

युरोपातील वैद्यकालाही या दोन रोगांची सरमिसळ सोडविण्यास बराच काळ लागला. १८१० मध्ये पॅरिसच्या गास्पार बेल याने शवविच्छेदनांच्या आधारे फुप्फुसाच्या क्षयाचे सहा प्रकार सांगितले; त्यांपैकी एकाला त्याने ‘कर्करोगी क्षय’ असे नाव दिले. म्हणजे प्रेत उघडून प्रत्यक्ष फुप्फुस हातात घेतलेल्या माणसानेही कर्करोगाला क्षयाचीच एक जात मानले होते. त्याचा मित्र लाएनेक याने १८१९ मध्ये स्टेथोस्कोपवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हे दोन रोग वेगळे असल्याचे मांडले. तो स्वतः १८२६ मध्ये क्षयानेच गेला. पुढे व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने उलट टोक गाठले आणि क्षय व कर्करोग एका शरीरात सहसा एकत्र नांदत नाहीत, असे प्रतिपादन केले. हे मत अनेक दशके टिकले व अखेर चुकीचे ठरले. क्षयाच्या जुन्या व्रणाशेजारी कर्करोग आढळू शकतो, हे आता मान्य झालेले आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू जाहीर केला. एका बाजूला तरी निश्चित पुरावा हाती आला. परंतु पुरावा मिळणे आणि उपचार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पुण्यात क्षयाने अंत झाला. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या त्या तरुणीला आपल्या रोगाचे कारण वाचून माहीत असणे शक्य होते. त्यावरचे औषध मात्र जगात कोठेच नव्हते.

किरणांचे आगमन आणि भेदाचे मोल

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे रोंटगेन याला क्ष-किरणांचा शोध लागला. पहिल्या काही दशकांत छातीच्या चित्रात दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक छायेचा अर्थ क्षय असाच लावला गेला आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. १९१२ मध्ये आयझॅक ॲडलर याने फुप्फुसाच्या कर्करोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा हा अत्यंत दुर्मीळ रोगांपैकी एक आहे, असे त्याने म्हटले होते. सिगारेटचा प्रसार तेव्हा वाढू लागला होता, त्यामुळे तो खरोखरच विरळ होता हे मान्य करावे लागते. तरीही क्षयाच्या नावाखाली किती कर्करोग नोंदले गेले असतील, ही शंका उरतेच.

येथे एक मुद्दा लक्षात घेणे आवश्यक वाटते. दोन रोगांतील भेदाला मोल येते ते त्यांचे उपचार वेगळे झाल्यावर. १९३३ मध्ये अमेरिकेत एव्हर्ट्स ग्रॅहम याने कर्करोगासाठी एका रुग्णाचे संपूर्ण फुप्फुस यशस्वीरीत्या काढले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. या दहा वर्षांच्या आधी छाया कोणत्याही रोगाची असली, तरी रुग्णाच्या वाट्याला विश्रांती, दूध-अंडी आणि मोकळी हवा हेच येत असे. या दहा वर्षांनंतर मात्र चुकीच्या वाचनाची किंमत मोजावी लागू लागली. कर्करोगाला क्षय समजले तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. क्षयाला कर्करोग समजले तर औषधाने बरा होणारा माणूस उपचार सोडून घरी मरणाची वाट पाहत बसतो.

मुंबईतील एका क्ष-किरणचित्राला तर राजकीय इतिहासात स्थान मिळाले आहे. महंमद अली जीना यांच्या छातीचे चित्र डॉ. जाल पटेल यांच्याकडे होते आणि त्यातील क्षयाची वार्ता गुप्त राहिली, ही हकिकत कॉलिन्स आणि लापिएर यांच्या १९७५ च्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली. फाळणी टळली असती का, या तर्कात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय बाब निराळीच आहे. ११ सप्टेंबर १९४८ रोजी जीनांचे निधन झाले, तेव्हाच्या आजाराबाबत क्षयाबरोबरच फुप्फुसाच्या कर्करोगाचाही उल्लेख केला जातो. ज्या छायेवर एवढी चर्चा झाली, तिच्या मागेही दुसरा रोग येऊन उभा राहू शकतो, असा याचा अर्थ होतो.

१९६२ : दोन रोग, दोन खाती

ब्राझीलच्या मनुएल द आब्रेऊ याने १९३६ मध्ये छोट्या फिल्मवर छातीची चित्रे घेण्याची स्वस्त पद्धत शोधून काढली. तिच्यामुळे हजारो लोकांची तपासणी शक्य झाली. भारतात १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याच पद्धतीने देशव्यापी नमुना पाहणी केली. चित्रावरून सक्रिय क्षय वाटावा अशा व्यक्तींचे प्रमाण हजारी सुमारे १३ ते २५ होते. थुंकीत जंतू सापडलेल्यांचे मात्र हजारी सुमारे २ ते ८ होते. या दोन आकड्यांतील अंतराकडे बारकाईने पाहावे. छाया दिसली पण जंतू सापडला नाही, अशा माणसांची ही गर्दी आहे. त्यांपैकी काहींना जंतू न सापडलेला क्षय होता, काहींच्या छातीवर जुने व्रण होते, आणि काहींचे काय होते हे त्या पाहणीला विचारायचेच नव्हते.

छाया वाचणाऱ्याचा प्रश्नही तोवर पुढे आला होता. १९४७ मध्ये अमेरिकेत बर्केलो आणि सहकाऱ्यांनी तीच चित्रे पाच तज्ज्ञांना दाखविली. तज्ज्ञांचे आपसांत तर जुळले नाहीच. परंतु काही काळाने तीच चित्रे पुन्हा दाखविल्यावर एकाच तज्ज्ञाचे स्वतःशीही जुळले नाही. ताम्रपटाच्या वाचनावरून दोन विद्वानांत वाद झालेले आपण पाहतो. परंतु स्वतःच्याच वाचनाशी मतभेद ही जरा निराळी अवस्था म्हणावी लागेल.

१९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात थुंकीच्या तपासणीला प्रथम स्थान दिले गेले. निर्णय योग्यच होता. सूक्ष्मदर्शक स्वस्त असतो आणि जंतू खोटे बोलत नाही. थुंकीत जंतू न सापडलेल्यांसाठी मात्र क्ष-किरणचित्राचाच आधार उरला. योगायोग असा की, त्याच १९६२ मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा कारभार केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे गेला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले हे रुग्णालय मधल्या काळात आरोग्य मंत्रालयाकडे होते. अशा रीतीने क्षय आरोग्य खात्याच्या जिल्हा यंत्रणेकडे राहिला आणि कर्करोगाचे सर्वांत मोठे केंद्र अणुऊर्जा खात्याकडे गेले. परळचे टाटा आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय यांत अंतर थोडेच आहे. परंतु रुग्ण एका दारातून आत गेला की त्याचा प्रश्न त्या दाराच्या भाषेत विचारला जाऊ लागला. एका ठिकाणी ‘क्षय आहे की नाही’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘कर्करोग आहे की नाही’. फिल्मवर मात्र हे दोन रोग शेजारीच राहिले.

या विभागणीला एक थोर अपवाद आढळतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोंटगेनच्या शोधाच्या वर्षी, १८९५ मध्ये, जन्मले. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची उभारणी त्यांनी केली आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. कर्करोगाबरोबरच त्यांनी कुष्ठरोगावरही मूलगामी संशोधन केले. संसर्ग आणि कर्करोग ही दोन्ही क्षेत्रे एकाच माणसाने एकाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, याचे कारण ते छायेचे नव्हे तर पेशींचे अभ्यासक होते, हे असावे.

जुना फोटो

चित्रावरून भेद करण्यासाठी तज्ज्ञांनी काही खुणा निश्चित केल्या आहेत. गाठीच्या मध्यभागी किंवा थराथराने कॅल्शियम साठलेले असेल, तर ती बहुधा जुन्या संसर्गाची. पोकळीची भिंत ४ मिलिमीटरपर्यंत पातळ असेल तर ती सहसा निरुपद्रवी, १५ मिलिमीटरहून जाड असेल तर कर्करोगाची शंका अधिक. १९८० मध्ये वुड्रिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या निकषात मधला प्रदेश अनिश्चितच राहिला. मुख्य गाठीभोवती बारीक ठिपके असतील तर क्षयाकडे कल जातो. गाठीच्या कडेतून किरणांसारखे फाटे निघालेले असतील तर कर्करोगाकडे. कर्क म्हणजे खेकडा. या फाट्यांकडे पाहताना ते जुने नाव किती अचूक होते, याची प्रचिती येते. परंतु क्षयाच्या गाठीलाही असे पाय फुटतात.

या सर्व खुणांपेक्षा भरवशाची खूण एकच, आणि ती एका चित्रात सापडत नाही. तीच छाया दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तेवढीच होती काय? तेवढीच असेल तर घट्ट गाठीच्या बाबतीत कर्करोगाची शक्यता फारच कमी होते. म्हणून जाणता क्ष-किरणतज्ज्ञ नवे चित्र पाहण्याआधी विचारतो, “जुना फोटो आहे का?”

संशोधकाने स्वतःविषयी लिहू नये, हा संकेत येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. माझे मोठेबाबा इंझोरीत शेती करीत. बिडी ओढत. १९९२ मध्ये ताप हटेना म्हणून त्यांच्या छातीचा फोटो काढला गेला, औषधाने ताप गेला आणि फोटो घरी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडला. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, सकाळी सूर्यग्रहण होते. आमच्याकडे ते खंडग्रास दिसले. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, एक्स-रेच्या फिल्ममधून पाहावे, असे त्या काळी गावोगाव सांगितले जाई. (तसे करणेही डोळ्यांना सुरक्षित नसते, हे पुढे कळले.) तो फोटो कात्रीने दोन भाग करून आम्हा मुलांत वाटला गेला. एका अर्ध्यातून मी चंद्राने कुरतडलेला सूर्य पाहिला. दुसरा अर्धा शेजारच्या मुलांकडे गेला, तो परत आला नाही.

१९९७ मध्ये मोठेबाबांच्या बेडक्यात रक्त दिसले. नव्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. थुंकी तीनदा तपासली. जंतू सापडले नाहीत. तरी क्षयाचा औषधोपचार सुरू झाला आणि आठ महिने चालला. त्यात कोणाची हयगय झाली, असे म्हणणे कठीण आहे. वरच्या भागातील डाग, खोकला, रक्त, खंगलेले शरीर. आपल्या देशात शंभरांतल्या बहुसंख्य अशा रुग्णांना क्षयच निघतो. वजन मात्र उतरतच गेले. पुढे मोठ्या शहरातील रुग्णालयात तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “जुना फोटो आहे का?” वडिलांनी पिशवीतून अर्धा फोटो काढून दिला. त्यात डावे फुप्फुस होते. तुकडा तपासायला पाठविल्यावर कर्करोग निघाला. १९९९ च्या पोळ्याआधी मोठेबाबा गेले.

१९९२ मध्ये तो डाग होता की नव्हता? असता, आणि तेवढाच असता, तर तो जुना व्रण ठरला असता. नसता, तर तो नवा आहे, वाढता आहे आणि तुकड्याची तपासणी लगेच करावी, हे पहिल्याच महिन्यात कळले असते. त्याने ते वाचले असते, असा दावा मी करीत नाही. आठ महिने मात्र वाचले असते.

हा प्रसंग केवळ आमच्याच घरचा नाही. जुन्या फिल्मांतून चांदी निघते म्हणून त्या भंगारात विकल्या जातात. दस्तऐवजांचा असा नाश इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. मोडीचे रुमाल रद्दीत गेल्याच्या कथा आपण ऐकतोच. फरक एवढाच की, येथे दस्तऐवजाचा विषय असलेला माणूस हयात असतो.

नवी यंत्रे, जुनी शंका

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ हाउन्सफील्ड याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सिटी स्कॅन घेतला. छायेच्या जागी काप आला. एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या सुट्या झाल्या. शंका मात्र मेंदूत जाऊन बसली. भारतात फेफरे येणाऱ्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये एक लहान, कडेने उजळणारे वलय दिसे. ते क्षयाची गाठ समजून क्षयाची औषधे दिली जात आणि वलय नाहीसे झाले की निदान बरोबर होते, असे मानले जाई. वेल्लोरच्या चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, त्यांपैकी अनेक गाठी पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या असतात व पुष्कळदा आपोआप विरतात. म्हणजे औषधाला मिळालेले श्रेय औषधाचे नव्हते. उपचाराने बरे वाटले म्हणून निदान खरे, हा तर्क किती फसवा असतो, याचे याहून चांगले भारतीय उदाहरण प्रस्तुत लेखकास माहीत नाही.

काही ठिकाणी यंत्रांनी खरोखर मदत केली आहे. मणक्याच्या एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधील गादी नष्ट झालेली असेल तर संसर्गाकडे बोट जाते. गादी शाबूत ठेवून मणके पोखरले असतील तर पसरलेल्या कर्करोगाकडे. क्षय मात्र गादी बराच काळ राखून ठेवतो, त्यामुळे येथेही पुन्हा तोच आडवा येतो. मेंदूतील पुवाची पोकळी आणि आतून सडलेली गाठ यांतील फरक पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या एमआरआयने पुष्कळच स्पष्ट होतो. दाट पुवात पाण्याला हलता येत नाही. पिकले आहे की नाही, हा सुश्रुताचाच प्रश्न तेथे चुंबकाला विचारला जातो.

सर्वांत मोठी आशा पेट स्कॅनकडून होती. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक खातात, हे ओटो वारबुर्ग याने १९२० च्या दशकात दाखविले होते. किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर १९७६ मध्ये प्रथम माणसाला टोचण्यात आली. भारतात हे तंत्र २००२ मध्ये परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात आले. आता छाया नव्हे, तर भूक दिसणार होती. परंतु १९९२ मध्येच जपानमधील कुबोता आणि सहकाऱ्यांनी दाखविले होते की, ही साखर गाठीभोवती जमलेल्या भक्षक पेशीही भरपूर घेतात. क्षयाची गाठ म्हणजे भक्षक पेशींचाच जमाव. तेव्हा पडद्यावर क्षयही कर्करोगासारखाच झळाळतो. पाश्चात्त्य ग्रंथांत शोषणाच्या मापाची जी २.५ ही सीमारेषा दिली जाई, ती क्षय विरळ असलेल्या देशांतून आलेली होती. आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय या फ्लोरीनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. ते सायक्लोट्रॉनपासून फार दूर नेता येत नाही, त्यामुळे इंझोरीच्या रुग्णाला मोठ्या शहराची वाट धरण्यावाचून गत्यंतर नसते.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींची छातीची चित्रे क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी संगणकाकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. हा संगणक थकत नाही आणि तेच चित्र दुसऱ्यांदा दाखविले तरी उत्तर बदलत नाही. बर्केलोच्या तज्ज्ञांपेक्षा तो तेवढा सरस आहे. तथापि, त्याला विचारलेला प्रश्न पुन्हा १९६२ चाच आहे. क्षय आहे की नाही? ‘क्षय नसेल तर काय’ हे विचारण्याचे काम अजून माणसाकडेच राहते.

आणि शेवटी तुकडा. सुईने किंवा दुर्बिणीने काढलेला ऊतीचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही, ही स्थिती खानोलकरांच्या काळी होती आणि आजही आहे. त्याच अंशात जंतूंची जनुकीय चाचणीही करता येते. डिसेंबर २०१० मध्ये मान्यता मिळालेली ही चाचणी आता सरकारी कार्यक्रमात जिल्हा पातळीवर आली आहे. गावात मात्र तुकडा काढला की गाठ चवताळते, तिला हवा लागली की ती पसरते, ही समजूत अद्याप घट्ट आहे. वऱ्हाडातील जुन्या मंडळींपाशी हा विषय काढला की ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने गेलेल्या तुकडोजी महाराजांचे नाव निघते आणि “एवढ्या मोठ्या माणसाला नाही सुटला” असे म्हणून बोलणे तेथेच थांबते. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला महाराजांचेच नाव आहे, हे त्यांना सांगावे लागते.

अलीकडे इंझोरीत फिल्म फारशी येत नाही. सीडी येते, ती चालविण्याचे साधन घरात नसते; किंवा खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मचा मोबाइलवर घेतलेला फोटो येतो, त्यात बोटे आणि पडदाही असतो. मोबाइल बदलला की तोही जातो. गेल्या उन्हाळ्यात मी घरोघर विचारले, तेव्हा पाच वर्षांपूर्वीचे छातीचे चित्र दाखवू शकणारी दोनच घरे सापडली. आमच्या पेटीतला अर्धा फोटो अजून आहे. नाव आणि तारीख असलेली कड दुसऱ्या अर्ध्याबरोबर गेली. तो कोणाचा, हे आता घरातील तिघांनाच ठाऊक आहे.